म्हनलेली इस्त्री

मित्रांनो, मला उचलायचं असेल तर दोन्ही हात लावा. मी एक जुनी इस्त्री आहे, कोळशावर तापणारी. तुमच्या घरातल्या इस्त्रीला भिंतीत शेपूट खुपसावं लागतं, तेव्हा कुठे ती कामाला लागते. माझं तसं नाही. माझ्या पोटातच विस्तव ठेवतात. त्यामुळे आमची जात तापट खरी, पण ज्या हातानं मला प्रेमानं धरलं त्याला मी कधी पोळवलं नाही.

माझा जन्म लोखंडाच्या रसातून झाला. मला साच्यात ओतलं, घासलं, वर झाकण बसवलं आणि झाकणावर लाकडी मूठ. झाकणाच्या खटक्यावर कारागिरानं एक छोटा पितळी कोंबडा बसवला. त्याचं काम एवढंच, की झाकण उघडू नये. पण तोरा असा, की गावाची इस्त्री जणू तोच करतो. बिनकामाच्या माणसालाच मान ताठ ठेवायला वेळ मिळतो, हे मी तेव्हाच शिकले.

मला नागपूरच्या सक्करदऱ्यात आणलं ते मार्थाबाईच्या नवऱ्यानं. तो फार लवकर गेला. मागे उरली मार्थाबाई, तिच्या कडेवरचा सुशील आणि मी. रडत बसायला तिला सवड नव्हती. तिनं दाराशी लाकडी टेबल मांडलं, त्यावर जुनं ब्लँकेट अंथरलं, डोक्यावर सावलीला टिनाचा पत्रा टाकला आणि गल्लीचे कपडे घ्यायला सुरुवात केली. तेव्हापासून ती आणि मी एकमेकींचा हात धरूनच जगलो म्हणा ना.

मार्थाबाई कॅथलिक. गळ्यात काळ्या दोऱ्यातला क्रूस आणि कमरेला खोचलेली जपमाळ. पण एका हातात मी आणि दुसऱ्या हातात कपडा, तर जपमाळेचे मणी ओढणार कोण? तिनं तोडगा काढला. मण्यांच्या जागी तिनं कपडे धरले. एक कपडा, एक 'नमो मरिये'. पवित्र मातेची ती प्रार्थना तिच्या ओठांवर चालायची आणि मी कापडावर चालायची. ती बाहीपाशी सुरू व्हायची नि कॉलरपाशी 'आमेन' यायचं. आणि ज्याचा कपडा, त्याच्यासाठी ती प्रार्थना. कोण कुठल्या धर्माचा, हे काही कपड्याच्या सुरकुत्यांवरून कळत नाही.

शेजारच्या सिंधूताईनं एकदा तिला हटकलं. सिंधूताईचं घर बौद्ध, भिंतीवर बुद्धाची तसबीर.

"काय पुटपुटून राहिली वं मार्थाबाई?"

"तुह्या पोरीच्या फ्राकावर म्हनून राहिली. ताप उतरत नाही ना तिचा."

पोरीचा ताप उतरला. तो डॉक्टरच्या औषधानं उतरला, हे मी इमानानं सांगते. पण दुसऱ्या दिवशी सिंधूताई नवऱ्याचा शर्ट घेऊन आली नि हळूच म्हणाली, "याची बदली होऊन राहिली. याच्यावरही म्हन जराशीक."

तिथून गल्लीत एक नवाच शब्द रुजला. कुणी कपडे टाकायला आलं की विचारायचं, साधी की म्हनलेली? म्हनलेली म्हणजे प्रार्थना म्हणत केलेली इस्त्री. खरं तर मार्थाबाई साधी करायचीच नाही, सगळ्यांवर म्हणायची. पण लोकांना मागून घेतल्याशिवाय समाधान नसतं. परीक्षेचा गणवेश म्हनलेला हवा, मुलगी पाहायला जाणाऱ्याचा शर्ट म्हनलेला हवा. फक्त मनोहरराव म्हणून एक रिटायर झालेले बाबू होते, ते नेमानं टेचात सांगायचे, "आपली साधीच कर बाई, आपला नाही या गोष्टींवर विश्वास." माझ्या पितळी कोंबड्याचा हा सख्खा भाऊच. आणि एके दिवशी हेच मनोहरराव पायजमा काखेत घालून आले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "उद्या हृदयाचं आपरेशन आहे. हा... म्हनलेला करून दे." मार्थाबाई हसली नाही. तिनं त्या पायजम्याच्या दोन्ही पायांवर वेगवेगळं म्हटलं.

शनिवारी दुपारी मात्र गल्लीचे कपडे बंद. शनिवारी चर्चमधली वेदीवरची वस्त्रं यायची. ती धुताना निघालेलं पहिलं पाणी मार्थाबाई मोरीत सोडायची नाही, दारच्या कण्हेरीच्या मुळाशी ओतायची. पवित्र भाकरीचा एखादा कण कापडात राहिला असेल तर तो गटारात जाऊ नये म्हणून. मग टेबलावर धुतलेली चादर पडायची, माझा तळ ओल्या फडक्यानं पुसला जायचा, आणि मी अगदी शहाण्यासारखी चालायची. ते माझे मानाचे दिवस. फादर एकदा म्हणाले होते, वेदीचं कापड इतकं सरळ आहे की माझाच हात वाकडा वाटतो. हे वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

सुशील मोठा झाला, नागपूरबाहेरच्या वाडी भागातल्या ट्रान्सपोर्ट गोदामात कामाला लागला. वेदिका सून होऊन आली. त्यांना दामिनी झाली, आणि आजीच्या टेबलाखाली बसून ती पोर वाढली. कोळशाचा वास नाही आला तर तिला झोप यायची नाही.

आता मी ज्यासाठी बोलायला बसले आहे, ती गोष्ट सांगते. मार्थाबाईच्या पेटीत एक पांढरी साडी होती. स्वतःच्या दफनाच्या वेळी नेसायची. दर वर्षी, नोव्हेंबरात मृतांचा दिवस यायच्या आधी, ती ही साडी पेटीतून काढायची, तिच्यावर मला फिरवायची आणि परत घडी घालून ठेवायची. "मरन काही सांगून येते का? आलं तर घडी मोडलेली नको," म्हणायची. पण ती साडी करताना तिचे ओठ मिटलेले असायचे. सगळ्या गल्लीवर म्हणणारी बाई स्वतःच्या साडीवर एक अक्षर म्हणायची नाही.

दामिनीनं लहानपणी एकदा विचारलं होतं, "आजी, हिच्यावर काहून नाही म्हनत?"

"आपल्यासाठी आपनच काय मांगाव, पोरी? मेलेल्या मानसाले मांगता येत नाही. ते मागं राहिल्यानं मांगाव लागते."

"मग मी म्हनीन."

"म्हनजो बरं," मार्थाबाई म्हणाली, आणि त्या दिवशी घडी घालताना तिचा हात साडीवरून जरा जास्त वेळ फिरला. मी शेजारीच होते, मला दिसलं.

पुढे वीज स्वस्त झाली, घरोघरी शेपटीवाल्या इस्त्र्या आल्या. गरज सरो, वैद्य मरो. टेबलावरचे गठ्ठे घटले. मार्थाबाईचा हातही कापायला लागला. एकदा माझ्या पोटातला निखारा उडून तिच्या पदरावर पडला, तेव्हा सुशीलनं मला उचलून थेट माळ्यावर टाकलं. "माय, आता बस झालं तुह्यं," एवढंच म्हणाला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. भीती ही मायेचीच बहीण असते.

माळ्यावरून मला दार दिसायचं. मार्थाबाई दाराशी खुर्ची टाकून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावरच्या कपड्यांकडे बघून ओठ हलवायची. माझ्याविना तिचं काम चालूच होतं. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. वर्षातून एकदा मात्र ती दामिनीला सांगून मला खाली उतरवायची, त्या पांढऱ्या साडीपुरती. मग दामिनी नोकरीसाठी पुण्याला गेली.

या उन्हाळ्यात एका दुपारी मार्थाबाई खुर्चीतच गेली. कुणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. वेदिकानं आणि सिंधूताईनं पेटीतली साडी काढली, तशीच नेसवली. त्यांना तरी काय ठाऊक? दामिनी पुण्याहून पोचली तेव्हा शवपेटी निघायच्या बेतात होती. तिनं आजीच्या पदरावर हात ठेवला. घडीच्या रेघा कडक होत्या. ती एवढंच पुटपुटली, "साधीच गेली." कुणाला काही कळलं नाही. माळ्यावर मला कळलं, आणि मित्रांनो, लोखंडाला रडता येत नाही याचं तेवढं एकदाच फार दुःख झालं.

पुढे सुशीलनं वाडीला, गोदामाजवळ घर घ्यायचं ठरवलं. सक्करदऱ्याचं घर आवरायला काढलं. मृतांच्या दिवसाच्या आदल्या दिवशी दामिनी सुट्टी घेऊन आली. येताना चर्चमधून एक पिशवी आणली. दुसऱ्या दिवशी, मार्थाबाईला पुरलं होतं त्या जरीपटक्याच्या दफनभूमीत मिस्सा, म्हणजे आमची मोठी उपासना, व्हायची होती. तिथल्या वेदीचं कापड तिनं फादरांकडून मागून घेतलं होतं.

आल्या आल्या तिनं माळ्यावर पाहिलं. "आई, इस्त्री कुठी आहे?"

"अवं, आत्ताच देली भंगारवाल्याले. कोपऱ्यावरच असन तो."

मी तेव्हा हातगाडीवर होते, एका मोडक्या पंख्याखाली. माझा जीव टांगणीला लागला होता. कोंबड्याची मानही खाली गेलेली. दामिनी चपला न घालता पळत आली, भंगारवाल्याशी हुज्जत घातली आणि मला छातीशी धरून घरी आणलं. तिचा ड्रेस काळा झाला.

सुशील वैतागला. "घरी लाईटची इस्त्री असून हे धूड काहून? हात भाजून घेशीन."

"भाजू द्या बाबा. आजीची साडी साधीच गेली. मी म्हनीन म्हटलं होतं तिले. आता साडी तर मातीत आहे, तिच्यावर कशी म्हनू? हे वेदीचं कापड आहे, याच्यावर म्हनतो. मले दुसरं काही सुचत नाही."

सुशील तिच्याकडे पाहत राहिला. मग चपला घालून बाहेर गेला.

दामिनीनं दाराशी जुनं टेबल लावलं, माझ्या पोटात कोळसे भरले आणि पेटवायला लागली. तिला कुठे सवय? नुसता धूर झाला, डोळ्यांतून पाणी. आणि त्या धुरानं एक काम केलं. गल्लीला तो वास ओळखीचा होता. सिंधूताई दारात येऊन उभी राहिली. तिनं आधी नाक पुसलं, मग पदरानं माझ्यावर वारा घातला. कोळसे लाल झाले.

दामिनीनं कापड पसरलं, मला उचललं आणि म्हणायला सुरुवात केली. दोन ओळी गेल्या आणि पुढची ओळ आलीच नाही. मी कापडावर थबकले. आणखी थांबले असते तर डाग पडला असता. सिंधूताईनं पटकन दामिनीच्या हातावर आपला हात ठेवला आणि मला पुढे ढकललं.

"मले तुमचं म्हनता येत नाही, पोरी. मी आमचं म्हनतो. तू चाल," ती म्हणाली. मग एकीचं 'नमो मरिये' आणि दुसरीची बुद्धवंदना, दोन्ही हळू आवाजात, कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. कापड झालं. दामिनीनं घडी घातली आणि तशीच उभी राहिली, काम संपल्यावर हातांचं काय करायचं हे न सुचल्यासारखी.

तेव्हा सिंधूताई घरात गेली आणि आपली साडी घेऊन आली. "हे उद्या मी नेसनार आहे, जरीपटक्याले येताना. इच्यावर माह्यासाठी नको म्हनू. मार्थाबाईसाठी म्हन."

मनोहरराव काठी टेकत आले. त्यांच्या हातात शर्ट होता. "याच्यावरही. तिच्याच नावानं. मी आहो ना अजून, ते तिच्या म्हनन्यावरच आहो," म्हणाले, आणि टेचात नाही, खाली मान घालून म्हणाले. मग कुणाची ओढणी आली, कुणाची पँट, एका बाईनं तर उशीचा अभ्रा आणला, कारण घरात तेवढंच चुरगळलेलं होतं. मी तापत गेले. टेबलावर पुन्हा पूर्वीसारखा गठ्ठा चढला.

संध्याकाळ व्हायच्या आधी सुशील परतला. त्यानं अंगातला शर्ट काढून टेबलावर ठेवला आणि बनियनवर माझ्यासमोर उभा राहिला. दामिनीनं मूठ धरली, तर त्यानं हळूच तिच्या हातातून मला काढून घेतलं. "दे इकडे. मायनं मले शिकवलं होतं," म्हणाला. त्याला सगळी प्रार्थना पाठ होती. बाहीपाशी सुरू आणि कॉलरपाशी 'आमेन', अगदी तशीच.

दुसऱ्या दिवशी मी काही जरीपटक्याला गेले नाही. इस्त्रीला कोण नेतं? पण दामिनीनं पुण्याला परतण्याआधी मला पुसता पुसता सांगितलं, की मार्थाबाईच्या कबरीभोवती मेणबत्त्या घेऊन उभ्या असलेल्यांत गल्लीतलं जवळजवळ सगळं माणूस होतं, आणि कुणाच्याही कपड्यावर एक सुरकुती नव्हती.

आता मी वाडीच्या नव्या घरात खिडकीशी आहे. बाहेर ट्रक जातात, धूळ येते. मार्थाबाईची आठवण येते तेव्हा माझा तळ थंड असूनही मला तापल्यासारखं होतं. पण मित्रांनो, मला जपा, मला पुसा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी लोखंड आहे, माझं काय, गंजलं तरी घासून निघतं. मला दुसरंच मागायचं आहे. प्रत्येक घरात सगळ्यांसाठी मागणारं एक माणूस असतं. स्वतःसाठी ते कधी मागत नाही, आणि त्याच्यासाठी मागायचं दुसऱ्या कुणाच्या लक्षातच येत नाही. आज घरी गेलात की त्याच्याजवळ बसा आणि विचारा, तुझ्यासाठी काय मागू? ते म्हणेल, काही नको. तरी मागा.