शेहेचाळीस ठोके

वजनकाटे दुरुस्त करण्यात अडतीस वर्षं गेली, त्यामुळे त्या माणसाला सगळे जण काटेवालेच म्हणत. बायकोसुद्धा बाहेरच्यांशी बोलताना "आमचे काटेवाले" म्हणे. समोर असले की मात्र "अहो". तिची स्वतःची उमेदीची वर्षं छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली होती. दोघांनाही दुसऱ्याच्या चुका पकडायची सवय, त्यामुळे घरात वाद कमी आणि तपासण्या जास्त.

घड्याळ मुलीनं पाठवलं. ती दूरच्या शहरात नोकरीला होती. मामाला हृदयाचा झटका येऊन गेल्यापासून तिच्या डोक्यात एकच विषय होता. मनगटावर बांधलं की नाडी मोजणारं ते घड्याळ तिनं बाबांना घालायलाच लावलं होतं, आणि त्याचे आकडे तिच्या फोनवर दिसतील अशी सोयही करून ठेवली होती.

आठवडाभरातच सकाळी अकराच्या सुमाराला दुकानातला फोन वाजला.

"बाबा, तुम्ही कुठे आहात?"

"दुकानात. कुठे असणार?"

"बसून घ्या आधी. चक्कर येतेय का? घाम?"

"अगं, काय झालं ते सांगशील का?"

"तुमची नाडी शेहेचाळीस दाखवतेय. काल याच वेळेला शेहेचाळीस होती. आणि मधे मधे तर आकडाच येत नाही, नुसतं गोल गोल फिरत राहतं."

काटेवाल्यांनी मनगट वळवून पाहिलं. आकडा खरंच येत नव्हता. फोन खांद्याशी धरून त्यांनी हातातलं काम चालू ठेवलं, तेव्हा दोन मिनिटांनी एकदाचा उगवला: शेहेचाळीस.

त्यांना भीती वाटली नाही. वाटलं ते कुतूहल. त्यांच्या दुकानात आलेल्या कुठल्याही काट्याकडे ते असंच बघत. गिऱ्हाईक म्हणे, "माल कमी भरतोय," आणि काटेवाले म्हणत, "माल कमी आहे की काटा खोटा आहे, ते आधी पाहू."

"तू घाबरू नकोस," ते मुलीला म्हणाले. "मी तपासतो आणि कळवतो."

"बाबा, काटा नाहीये तो!"

"मोजतं ना? मग काटाच."

त्यांनी वही उघडली. मुलीनं फोनवर एकेक गोष्ट सांगायची आणि त्यांनी ती करून पाहायची, असं सुरू झालं. पहिल्यांदा घड्याळ काढून पालथं केलं. मागच्या बाजूला हिरवा उजेड फेकणारी काच असते, तिच्यावर तेल आणि लोखंडाची बारीक पूड बसून काळा थर झाला होता. ओल्या कपड्यानं पुसली, कोरडी केली. मग पट्टा. तो इतका सैल होता की घड्याळ बांगडीसारखं फिरत होतं. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून आवळलं. मग मुलीच्या सांगण्यावरून सेटिंगमध्ये शिरले, तर बॅटरी वाचवायची सोय चालू.

"ही कोणी चालू केली?" मुलीनं विचारलं.

"मीच. दिवा उगाच का जळत ठेवायचा?"

"अहो बाबा, म्हणून तर आकडा यायला इतका वेळ लागतोय. ते बंद करा."

बंद केल्यावर आकडा चटकन येऊ लागला. आला तो बहात्तर. मुलीनं सुटकेचा निःश्वास टाकला तो फोनवरही ऐकू आला.

पण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पुन्हा शेहेचाळीस. आता आकडा झटपट येत होता, आणि चुकीचा वाटत होता तोच येत होता. काटेवाल्यांनी पाच दिवस दर तासाला वहीत नोंद केली. घरी सत्तरच्या आसपास. रस्त्यानं चालताना नव्वद. दुकानात सकाळी दहा ते बारा, शेहेचाळीस ते अठ्ठेचाळीस. बारानंतर पुन्हा सत्तर.

"म्हणजे सकाळी दोन तास तुम्ही अर्धवट जिवंत असता," बायको वही वाचून म्हणाली. एका ठिकाणी त्यांनी 'शेहेचाळीस'चं 'शेचाळीस' लिहिलं होतं, तेही तिनं वाचता वाचता दुरुस्त केलं.

उत्तर सापडलं ते भिंतीपलीकडून. काटेवाल्यांच्या दुकानाला लागून एका टेलरबाईंचं दुकान होतं. मधली भिंत लाकडी फळ्यांची. शनिवारी काटेवाले कामाला उशिरा बसले, तर त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आज कानस बंद का?" त्यांनी विचारलं. "तुमच्या त्या घसघस आवाजावर माझा पाय चालतो मशीनवर. आज सकाळपासून शिवण वाकडीतिकडी जातेय."

"इतका ठेका आहे त्याला?"

"अगदी घड्याळासारखा."

टेलरबाई सहज बोलून गेल्या. काटेवाले मात्र जागेवरच थांबले. शाळेच्या प्रयोगशाळेतले डझनभर तराजू महिनाभर त्यांच्याकडे पडले होते. दांडी ज्या पोलादी धारेवर तोलली जाते ती धार रोज सकाळी उजेड चांगला असताना कानशीनं घासायची, हेच काम चालू होतं. दहा ते बारा. आणि काटेवाले डावखुरे. घड्याळ चारचौघांसारखं डाव्या मनगटावर बांधलेलं, म्हणजे कानस धरलेल्या हातावर.

"बाई, जरा आत या," ते म्हणाले. "मी घासतो. तुम्ही मिनिटभर मोजा."

टेलरबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलं. "सत्तेचाळीस."

मनगटावर सत्तेचाळीस.

आता काटेवाल्यांना राहवेना. त्यांनी हात भरभर चालवला. टेलरबाईंनी साठ मोजले, घड्याळानं अंमळ वेळ घेतला आणि एकोणसाठ दाखवले. मग हात अगदी सावकाश चालवला, आकडा चाळिसाच्या खाली घसरला. तिकडे मुलीच्या फोनवर काय गोंधळ उडाला असेल याची आठवण त्यांना फोन वाजल्यावर झाली.

"बाबा! अडतीस?"

"मीच केले अडतीस," ते आनंदानं म्हणाले. "घड्याळ माझी नाडी मोजतच नव्हतं. कानस मोजत होतं!"

घड्याळ उजव्या मनगटावर गेलं. सकाळच्या दोन तासांतही सत्तर-बहात्तर येऊ लागले. टेलरबाईंनी गिऱ्हाइकांना सांगितलं, काटेवाल्यांनी समोरच्या चष्मेवाल्याला सांगितलं. चार दिवस ते भलतेच खुशीत होते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी घरी खिडकीशी खुर्चीत बसले होते. हातात काही नाही, दोन्ही हात मांडीवर. सहज मनगट पाहिलं. एकेचाळीस.

त्यांनी काच पुसली. पट्टा आवळला. एकेचाळीस. मग घड्याळ काढून ठेवलं आणि बोटं मनगटावर टेकवून भिंतीवरच्या सेकंदकाट्याकडे बघत स्वतः मोजलं. संथ, एकसारखे, ठसठशीत ठोके. एका मिनिटात एकेचाळीस.

दोन वेगळ्या मापांनी एकच वजन दाखवलं की ते वजन खरं मानायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. पहिल्यांदाच त्यांना तो नियम आवडला नाही.

"अगं, इकडे ये जरा," त्यांनी हाक मारली. आवाज नेहमीसारखा ठेवला होता, तरी ती हातातलं काम टाकून आली.

"काय?"

"माझ्या छातीला कान लाव आणि ठोके मोज."

तिनं त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग चष्मा काढला, खाली बसली आणि त्यांच्या सदऱ्यावर कान टेकवला. मिनिटभर खोलीत फक्त सेकंदकाट्याची टिकटिक होती.

"ब्याऐंशी," ती म्हणाली.

"छे! ब्याऐंशी कसे? धड-धड हा एकच ठोका असतो. तू एकाचे दोन मोजतेस."

"मला कळतं एक काय आणि दोन काय ते. एक मोठा आहे आणि त्याच्या मागोमाग एक बारीक. मोठा, बारीक. मोठा, बारीक. मग जराशी जागा. सगळे ठोके असेच जोडीनं चाललेत."

"बारीक म्हणजे?"

"ओळीच्या शेवटी शाई कमी पडून पुसट उमटलेलं अक्षर असतं ना, तसं. अक्षर आहे, पण घाईत वाचणाऱ्याला दिसत नाही."

काटेवाले विचारात पडले. ती चुकतेय की नाही हे ठरवायला आधी चांगला ठोका कसा असतो ते माहीत हवं. "थांब," ते म्हणाले, "तुझं ऐकू दे." आता त्यांनी तिच्या छातीला कान लावला आणि तिची नाडी बोटांखाली धरली. कानात एक ठोका, बोटाखाली एक. कानात एक, बोटाखाली एक. एकही सुटला नाही.

"कोणी आत आलं तर काय म्हणेल!" ती हसू दाबत म्हणाली.

"हलू नकोस, आकडा चुकेल."

मग उलट. तिनं पुन्हा त्यांच्या छातीला कान लावला आणि ऐकू येईल त्या प्रत्येक ठोक्याला त्यांच्या गुडघ्यावर बोट आपटायचं ठरलं. त्यांनी आपलं मनगट धरलं. गुडघ्यावर टक, मनगटात ठोका. गुडघ्यावर टक, मनगटात काहीच नाही. पुन्हा टक, ठोका. पुन्हा टक, काहीच नाही. त्यांनी तीन वेळा करून पाहिलं. दर दुसरा ठोका छातीतून निघत होता आणि मनगटाला पोचतच नव्हता.

"म्हणजे घड्याळही बरोबर, माझी बोटंही बरोबर, आणि तुझा कानही बरोबर," ते हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात नवल होतं.

बायकोला नवल वाटलं नाही. तिनं चष्मा घातला आणि फोन उचलला. "डॉक्टरांकडे उद्या नाही, आत्ता जायचं."

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. डॉक्टरीणबाई तरुण आणि मितभाषी होत्या. काटेवाल्यांनी वही पुढे केली आणि कानशीपासून गुडघ्यापर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. मग छातीला तारा चिकटवून आलेख काढला. यंत्रातून कागदाची पट्टी सरसरत बाहेर आली, आणि त्यांनी ती टेबलावर पसरली.

"हा तुमचा नेहमीचा ठोका," त्या उंच टोकावर पेन ठेवून म्हणाल्या. "आणि हा त्याच्या मागचा, रुंद आणि वेडावाकडा. हा वेळेच्या आधी पडतो. हृदयात रक्त भरायच्या आतच ते दाबलं जातं. मग रेटा कुठून येणार? छातीला कान लावला तर आवाज येतो, मनगटाला काही कळत नाही."

"रिकामी पिशवी दाबल्यासारखं."

"अगदी तसंच. बाईंनी बरोबर ऐकलं."

"मी सांगतच होते," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं, रक्त तपासायला आणि हृदयाच्या सोनोग्राफीला पाठवलं आणि दिवसभर छातीला लावून फिरायचं एक छोटं यंत्रही दिलं. तीन दिवसांनी सगळे कागद आले. हृदयाच्या सोनोग्राफीत दोष नव्हता. पण रक्तात पोटॅशियम बरंच कमी होतं. रक्तदाबासाठी काटेवाले दोन वर्षं जी गोळी घेत होते तिनं लघवी जास्त होते, आणि त्याबरोबर हा क्षारही निघून जातो. क्षार घटला म्हणून हृदय मधेच दचकत होतं.

"दुर्लक्ष केलं असतं तर पुढे त्रास झाला असता," त्या म्हणाल्या. "आता गोळी बदलू. तीन आठवड्यांनी या."

ते तीन आठवडे मुलीनं दिवसातून चारदा फोन केला. काटेवाल्यांनी एकदाही कटकट केली नाही, हे बायकोनं लक्षात ठेवलं. वहीत जोडीनं पडणारे ठोके आधी अर्ध्यावर आले, मग दिवसाला दोन-तीन वेळा, मग एखाद्या दिवशी एकही नाही. शाळेचे तराजूही तेवढ्यात तयार झाले आणि गेले.

तीन आठवड्यांनी पुन्हा पट्टी सरसरत बाहेर आली. एकसारखी टोकं, एकसारखी अंतरं. काटेवाल्यांनी पट्टी उजेडात धरून मन भरेपर्यंत पाहिली आणि जुन्या पट्टीची प्रत मिळेल का म्हणून विचारलं. डॉक्टरीणबाईंनी ती दिली. पाकिटात घालता घालता त्यांनी सहज विचारलं, "अशा ठोक्यांनी छातीत फडफड होते, ती आता थांबली असेल?"

"हो, हो. अगदी बंद," काटेवाले म्हणाले.

बायकोनं मान वळवली. "कसली फडफड?"

ते पाकीट उचलून दाराकडे निघाले. बाहेर पायरीवर आल्यावर तिनं पुन्हा विचारलं, आणि आता टाळायला जागा नव्हती.

"अधूनमधून व्हायचं. मासा उलटल्यासारखं. वाटलं, थकल्यामुळे असेल."

"किती दिवस?"

"झाले असतील सहा-सात महिने."

"सहा-सात महिने! जगातले सगळे काटे तपासता. पुसता काय, घासता काय, वही काय लिहिता! आणि हे मला एका शब्दानं सांगता आलं नाही?"

"तू घाबरली असतीस."

"मला घाबरायचं की नाही ते मी ठरवलं असतं!"

ती तरातरा पुढे निघून गेली. काटेवाले पाकीट काखेत मारून मागून चालू लागले. त्यांना धाप लागू नये म्हणून सावकाश चालायला सांगितलं होतं, ते तिला ठाऊक होतं. वळणावर ती थांबली. वळून पाहिलं नाही, नुसती उभी राहिली. ते जवळ आल्यावर तिनं त्यांच्या काखेतलं पाकीट काढून आपल्याकडे घेतलं.

"घरी गेल्यावर पोरीला तुम्ही स्वतः सांगायचं," ती म्हणाली. "सगळं. माशासकट."

"सांगतो," काटेवाले म्हणाले.