मी कुठे असते ते विचारू नका

खरे तर मी बोलायचेच नाही, असे ठरले होते. लपून राहणे हेच माझे काम. पण त्या दिवशी एस.टी.त जे घडले, ते माझ्या पोटात राहीना. म्हणून सांगते आहे. तुम्ही मात्र कुणाला सांगू नका.

मी एक थैली. वीतभर लांब, चार बोटे रुंद. ईट गावातल्या दैवशालाबाई ब्लाउज शिवतात. त्यांच्याकडे उरलेल्या अस्तराच्या दोन तुकड्यांतून माझा जन्म झाला. एक बाजू जांभळी, एक बदामी. मला शिवले ते मात्र त्यांच्या मुलीने, निकिताने. ती नववीत आहे. फार बोलत नाही, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

माझा जन्म झाला एका चोरीमुळे.

दैवशालाबाई महिन्यातून एकदा धाराशिवला जात. अस्तर, लेस, हुक, दोरे आणायला. एकदा वाटेतल्या स्टँडवर गाडी बदलताना खूप गर्दी होती. तेव्हा त्यांनी सगळेच करतात तेच केले. खिडकीतून पिशवी आत टाकून जागा धरली. रेटारेटीतून आत पोचल्या तेव्हा पिशवी सीटवरच होती. पिशवीतली पर्स नव्हती. पर्समध्ये साडेतीन हजार रुपये होते आणि एटीएम कार्ड. कार्डाच्या पाकिटावर पेनाने चार आकडे लिहिलेले, विसरायला नको म्हणून. बँकेला फोन लागून कार्ड बंद होईपर्यंत खात्यातलेही पैसे गेले.

"जागा तरी मिळाली न्हवं बसायला?" त्यांच्या सासूबाई दगडाबाई म्हणाल्या. "आता एकलीनं जायाचं न्हाय. काय लागंल ते कुमार आणील."

कुमार म्हणजे दैवशालाबाईंचे यजमान. माणूस भला, पण रंगांची ओळख बेताची. मोरपंखी अस्तर सांगितले, तर पोपटी घेऊन आले.

"हिरवंच हाय की!"

"अहो, हे बघून गिऱ्हाईक पळंल माझं!"

आणि तसेच झाले. त्या महिन्यात दोघीजणी ब्लाउजपीस परत घेऊन गेल्या. असेच चालले तर मशीन झाकून ठेवावी लागेल, हे दैवशालाबाईंना कळून चुकले. त्यांनी सासूबाईंकडे एकटीने एक फेरी करायची परवानगी मागितली.

"जा. पर ह्या बारीला काय गेलं, तर पुन्यांदा नाव काढायचं न्हाय."

"न्हाय काढणार," दैवशालाबाई म्हणाल्या.

मग निकिता मशीनवर बसली. तिने मला दुहेरी शिवण घातली, जुन्या दप्तराची चेन लावली, आतून दोन कप्पे केले. एक नोटांचा, एक कार्डाचा. नोटा घामाने भिजू नयेत म्हणून प्लॅस्टिकची पिशवी. आणि कमरेला बांधायला रुंद नाडी, काचू नये अशी.

दगडाबाईंनी मला उलटसुलट करून पाहिले. "एवढीशी चिंधी चोराला अडवती व्हय गं?"

"अडवत न्हाय, आज्जी. त्याला दिसतच न्हाय."

नव्या कार्डाचे पाकीट निकिताने कोरेच ठेवले. चार आकडे तिने आईकडून पाठ करून घेतले. भाकरी थापताना, भांडी घासताना ती मध्येच हळूच विचारी, "काय आकडे?" आई कानात सांगे.

एका संध्याकाळी तिने आईची परीक्षा घेतली. "मी चोर हाय. तू अंगणातनं नुसती चाल."

आई चालली. अंगणाच्या टोकाला पोचायच्या आधीच निकिता हसली. "डाव्या बाजूला हाय."

"तुला माहीतच हाय की!"

"न्हाय, आज तू कुठं बांधलीस ते मी बघितलंच न्हवतं. तुझा हात सांगतोय."

खरेच होते. पाच पावलांत तीन वेळा त्यांच्या हाताने मला चाचपले होते. बायकांची ही सवय मी आता चांगली ओळखते. पैसे आहेत ना, म्हणून हात जातो, आणि पैसे कुठे आहेत ते सगळ्यांना सांगून येतो. निकिताने त्या हातात पाण्याची बाटली दिली. "हाताला काम दे, म्हणजे तो भटकणार न्हाय."

फेरीचा दिवस आला. माझ्या एका कप्प्यात कार्ड, दुसऱ्यात नोटा. तिकिटापुरते पैसे रुमालाच्या गाठीत. मी आत अंधारात होते, पण मला सगळे ऐकू येत होते. स्टँडवर भोंगा बोलला, "प्रवाशांनी आपले पाकीट व दागिने सांभाळावेत." लगेच चारी बाजूंनी कपड्यांवर हात फिरल्याचे आवाज झाले. आमच्या दैवशालाबाईंचा हात मात्र बाटलीवरच राहिला.

गाडी लागली. या वेळी त्यांनी खिडकीतून काही टाकले नाही. रांगेत रेटा आला. मागून कुणीतरी चिकटले, आणि चर्र असा आवाज झाला. ब्लेडने पिशवी कापली होती!

दैवशालाबाईंचा हात माझ्याकडे निघाला. मला ते कळले. पदर हलला, बोटे जवळ आली. मी श्वास रोखला. त्या चोराला एवढेच तर हवे होते. पण बोटे मध्येच थांबली, बाटलीवर आवळली, आणि दैवशालाबाई गर्रकन वळल्या.

"हात काढ रं पिशवीतनं!"

असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. सगळी रांग मागे वळली. धावत जाणाऱ्या चपलांचा आवाज दूर गेला.

"ताई, काय गेलं?" कंडक्टरने विचारले.

"काय जाणार? जेवणाचा डबा हाय अन् ब्लाउजाची मापं."

"मग पैसे?"

"हायत की."

"कुठं?"

सगळी गाडी कान देऊन ऐकत होती.

"तुम्ही अर्धं तिकीट द्या आधी," दैवशालाबाई म्हणाल्या, आणि गाडी हसली. मीही हसले, पण आतल्या आत.

घरी आल्यावर दगडाबाईंनी पिशवीच्या चिरेतून बोट घालून पाहिले. "किती गेलं?"

"काय बी न्हाय." मोरपंखी अस्तर, कार्ड आणि उरलेल्या नोटा त्यांच्यापुढे ठेवल्या गेल्या. दगडाबाईंनी पिशवीतून डबा बाहेर काढला.

"पुढच्या बारीला डब्याचं झाकण घट लाव," त्या म्हणाल्या. "समदी आमटी सांडली."

पुढच्या बारीला! निकिताने आईकडे पाहिले. आईने काही ऐकलेच नाही असे दाखवून आमटी पुसली.

त्यानंतर माझ्या चार फेऱ्या झाल्या. माझी जांभळी बाजू घामाने फिकी पडली आहे, पण शिवण पक्की आहे. शेजारच्या धुरपदाबाईंसाठी निकिताने माझी एक बहीण शिवली. मला फक्त एवढेच सांगायचे आहे, बायांनो. घरात बसू नका. आकडे कागदावर नको, डोक्यात ठेवा. हाताला भटकू देऊ नका. आणि आपली पिशवी खिडकीतून टाकण्याआधी एकदा तरी—

"निके! ती थैली कुठं वाळत घातली गं?" दगडाबाईंची हाक आली. "आण हिकडं, बांध माझ्या कमरंला. सास्तूरला जाती भनीकडं. अन् कुमारला म्हणावं, तू नगं येऊ, म्या एकलीच जाती."