पाचव्या कलमातलं नाव

पिवळी चिठ्ठी... मांडीवरच्या वैद्यकीय इच्छापत्रावर चिकटवलेली, तिचं एक टोक सुटून वर आलेलं, बसच्या खिडकीतून वारा आला की ते थरथरायचं. त्यावर जिजोनं पेन्सिलीनं बाण काढला होता आणि बाणाखाली ठळक अक्षरांत 'इथे सही' – एकोणतीस वर्षं विधी महाविद्यालयात शिकवलेल्या बाईला तिचाच विद्यार्थी बाण काढून दाखवतो! पण ही सही रोसिलीची, तिची स्वतःची, नव्हती. तिची करायची होती सोमवारी, जिजोच्या ऑफिसात, दोन साक्षीदारांसमोर. आज हवी होती ती पाचव्या कलमात नाव असलेल्या माणसाची – मी शुद्धीवर नसेन आणि बरी होण्याची आशा नसेल, तेव्हा उपचार थांबवायला माझ्या वतीनं संमती देणारी व्यक्ती.

"टीचर, त्यांची सही आधीच घेऊन ठेवा," जिजो म्हणाला होता. "उद्या एखादा भाचा उपटला तर भांडण नको. आणि आता किती सोपं झालंय बघा ना. पूर्वी मॅजिस्ट्रेटकडे खेटे घालावे लागायचे, आता माझा नोटरीचा शिक्का पुरतो."

सोपं झालं होतं, खरंच. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींचा तो निकाल आला त्या आठवड्यात तिनं तो वर्गात रंगून शिकवला होता – जगण्याच्या हक्कात सन्मानानं मरणंही येतं – फळ्यावर 'स्वायत्तता' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या... आणि दोनच वर्षांनी पॉली, तिचा धाकटा भाऊ, सदतीस दिवस नळ्यांमध्ये. डॉक्टर विचारायचे, काय करायचं. भावजय या थोरल्या नणंदेकडे बघायची, चेची, तुम्ही कायद्याच्या ना. आणि ती, दोन रेघा मारणारी ती, कॉरिडॉरमधल्या खुर्चीचा हात धरून गप्प बसायची. अडतिसाव्या दिवशी पॉलीनं स्वतःच काय ते ठरवलं.

मला तसं नको. पुढच्या महिन्यात हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे, त्याआधी कागद हवा. भावजय मुलाकडे शारजाला, तो भाचा नाताळला तेवढा फोन करणार... पाचव्या कलमापाशी पेन बराच वेळ थांबलं, मग 'सौदामिनी' असं सरळ लिहून गेलं. कॉलेजची ग्रंथपाल. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत एका टेबलावर सव्वीस वर्षं दोघी जेवल्या. तिला विचारायला हवं, हे रोसिलीच्या मनातच आलं नव्हतं.

इरिंजालकुड्याला उतरून ती तिच्या घरी पोचली, तेव्हा सौदामिनी स्वयंपाकघरात खवणीवर बसून नारळ खवत होती.

"या टीचर! किती वाळलात हो. जेवूनच जायचं, सांगून ठेवते."

रोसिलीनं कागद पुढे केला. सौदामिनीनं हात पुसले, सवयीनं आधी शेवटचं पान उलटून किती पानं आहेत ते पाहिलं, मग पहिल्यापासून वाचायला लागली. कुकरची शिट्टी झाली. ती उठली नाही.

"हे माझं नाव कुणी घातलं?"

"मी."

"मला विचारून?"

"आत्ता विचारतेय."

"आत्ता सही मागताय. विचारणं वेगळं."

"नुसता कागद आहे गं. वेळ येणारही नाही. आलीच, तर डॉक्टरांची दोन मंडळं आधी तपासतील, आशा नाही म्हणतील, मग तुला विचारतील. तू फक्त हो म्हणायचं."

"आणि तोंडातून हो निघालंच नाही तर?"

"निघेल. तुझ्याइतकी शांत डोक्याची बाई मी पाहिली नाही."

"शांत डोक्याची!" सौदामिनी हसली, पण ते हसणं नव्हतं. "मी त्यांच्या पाया पडेन, कळलं? म्हणेन, अजून एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी म्हणेन, अजून एक. तुझा कायदा गेला खड्ड्यात. सव्वीस वर्षं तुझ्यासमोर बसून जेवले, ती काय तुला मारायची सही करायला? तुला जराही..."

ती थांबली. आपण काय बोललो ते तिला आता ऐकू आलं असावं. "तुम्हाला," ती पुटपुटली आणि पुन्हा नारळ खवायला लागली, करवंटी खरवडली जाईपर्यंत.

जेवण झालं. ताकाची मोरुकरी, पापड, वर आणखी भात. कागद पिशवीत परत गेला, बिनसहीचा.

परतीच्या बसमध्ये रोसिलीनं सगळं नीट मांडून पाहिलं. मी मोडेन, असं आधीच सांगणारी व्यक्ती या कामाला अपात्र. जिजो म्हणेल, खोडा टीचर, दुसरं घाला. बरोबरच आहे. शरीर माझं, निर्णय माझा... पेपरात कुणी 'पण तिला रडू येईल' असं लिहिलं असतं, तर तिनं शून्य दिलं असतं.

पण शेवटची ती खोली तिनं मनात किती वेळा पाहिली होती – पलंग, यंत्र, पांढरी भिंत, आणि कुणी नाही. कुणी नाही म्हणूनच तर निर्णय इतका स्वच्छ होता. आता तिथे एक बाई शिरली होती, केस सुटलेले, डॉक्टरांची वाट अडवून उभी. तिला बाहेर काढायला कोणतंही कलम नव्हतं. आणि भावजय... ती तेव्हा खरंच कायदा विचारत होती का? की नुसतं, माझ्याशेजारी येऊन बसा, एवढंच? कोण जाणे. सदतीस दिवसांत मी तिचा हातसुद्धा धरला नाही.

तुला. पॉली गेल्यापासून तिच्याशी असं एकेरीत कुणी बोललं नव्हतं, आणि हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. शेजारची सीट रिकामी होती, नेहमीसारखीच. आज ती रिकामी दिसत होती. एकटं असण्याची तिला सवय होती, त्यात ती हुशार होती. ही दुसरी गोष्ट तिला येत नव्हती – दहाच मिनिटांपूर्वी जिच्या दारातून आपण निघालो, तिची आठवण येणं.