ओवीच्या पाठीवरचे काटे

सोमवारी सकाळी वेणी घालताना माझ्या बायकोला, मानसीला, ओवीच्या पाठीवर पहिला काटा सापडला. ओवी आमची मुलगी, नऊ वर्षांची. दुपारपर्यंत काटे चार झाले, अंगावर तांबडे-पांढरे पट्टे उमटले आणि ती जमीन सोडून कमरेएवढ्या उंचीवर घरभर पोहू लागली. पाणी नव्हतं. तिला ते लागत नव्हतं.

शेजारचे खोबरेकर सर कॉलेजात मासे शिकवायचे. त्यांनी दारातूनच पाहिलं.

"लायनफिश. टेरॉइस," ते म्हणाले. "या वंशात डझनभर जाती आहेत. ही व्होलिटान्स असेल, नाहीतर माइल्स. नुसतं बघून सांगता येत नाही."

"यातली कुठली जात परत मुलगी होते?" मानसीनं विचारलं.

"तसं पुस्तकात नाही, वहिनी. पाठीवर तेरा काटे येतील. हात लावू नका, विषारी असतात."

मी हात लावला. पाचवा काटा पकडीनं उपटायला गेलो आणि हात खांद्यापर्यंत पेटला. मानसीनं तो सोसवेल तितक्या गरम पाण्यात धरून ठेवला.

"बाबा, मलाच दुखतं," ओवी कोपऱ्यातून म्हणाली. मी पकड विहिरीत टाकली.

ती जेवेना. पेज झाली, तळलेला बांगडा झाला.

"हे हलत नाही," ती म्हणायची. बुधवारपासून तेही म्हणेना.

काटा आला की आम्ही दोघं लहान व्हायचो. आठव्याला माझा हात कडीला पोचेना. दहाव्याला मानसी न वाकता खुर्चीखालून गेली. मी दाराच्या फटीशी तोंड नेऊन सरांना हाका मारल्या.

"कोण आहे?" ते बाहेरून म्हणाले. "आवाज फार बारीक येतोय."

गुरुवारी दुपारी बारावा आला. आम्ही कपाटाखाली बसलो होतो. ओवी वर तरंगत होती, एका अंगावर कलंडलेली.

"चार दिवस पोटात काही नाही," मानसी म्हणाली. "मरेल हो ती."

"मग काय करायचं?"

तिनं पदरानं तोंड पुसलं, पदर खोचला आणि उघड्या फरशीवर जाऊन चालू लागली. मीही गेलो.

"थांबू नका," ती म्हणाली.

ओवी सरळ झाली. तिनं दोन्ही पर पसरले आणि आम्हाला भिंतीकडे सारत आणलं. खोलीतला सगळा उजेड तिच्या मागे गेला. मी तिला नावानं हाक मारली. तिनं तोंड उघडलं.