पर्समधला रोल

मी कृष्णधवल फिल्मचा एक जुना रोल बोलतोय. आमची जात कारखान्याने केव्हाच बंद केली. जन्म अंधारातला, त्यामुळे माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. डबीचं झाकण जरा सैल वाटलं तरी धडकी भरते.

माझे मालक फोटोग्राफर. स्टुडिओ बंद झाला तरी त्यांनी मला फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्यामागे जपलं. थंडीत आमचं आयुष्य वाढतं. पुढे त्यांचं डावं अंग लुळं पडलं. त्यांची भावजय रोज दुपारी येऊन त्यांना हाताला धरून चालवायची, तीही चोरून. कारण तिच्या नवऱ्याचा, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाचा, त्यांच्याशी अबोला होता. वडिलांच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून फाटलेलं. घरात दादाचं नाव काढायचीही बंदी.

एक दिवस ते तिला म्हणाले, "हा शेवटचा रोल. माझे फोटो काढ. पण धुवायला धाकट्याकडेच दे. मी शिकवलंय त्याला."

तिने काढले. मला पर्समध्ये टाकलं आणि नवऱ्यापुढे विषय काढायचा धीर गोळा करत राहिली.

नवऱ्याला तिच्या दुपारच्या फेऱ्या आधीच खुपत होत्या. त्याचं चष्म्याचं दुकान. लोकांचे डोळे तपासणारा हा माणूस घरी बायकोच्या चपलांची धूळ तपासू लागला होता. तिला सरळ विचारायचं सोडून त्याने एकदा ती अंघोळीला गेल्यावर पर्स उघडली.

"ही फिल्म? ही तर मिळतच नाही. हिला दिली कोणी?"

मला खिशात घालून तो दुकानात गेला. दुपारी ती बाहेर पडल्यावर रसायनं घेऊन परत आला, माळ्यावरचं फिल्म धुण्याचं जुनं सामान उतरवलं, न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावली. जुनी फिल्म म्हणून मला रसायनात जरा जास्तच ठेवलं. हात सराईत होते. मग कपड्यांच्या चिमट्यांनी मला दोरीवर टांगलं आणि बघतो तर काय! प्रत्येक फोटोत काळ्याभोर केसांचा एक हसरा पुरुष.

ती दारात येताच त्याने विचारलं, "कोण हा?"

"तुम्ही माझी पर्स उघडलीत?"

"आधी हा काळ्या केसांचा कोण ते सांग!"

तिने मला उजेडाकडे धरलं. "अहो, निगेटिव्ह आहे ना ही? पांढरं ते काळं दिसणारच, चेहराही ओळखू येत नाही. दादा आहेत. केस पिकलेत त्यांचे. तुम्ही बघितलंयत कुठे!"

मी मघापासून हेच ओरडत होतो; पण फिल्मचं ऐकतो कोण? रागाच्या भरात माणूस शिकलेलंही विसरतो.

तो पालथ्या बादलीवर मटकन बसला. "सगळे पिकले?"

"सगळे."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन तो दादाकडे गेला. दादाने चांगल्या हाताने मला खिडकीशी धरलं.

"धुरकट आलंय."

"फिल्म जुनी आहे, दादा."

"हात तुझा बिघडलाय. बस."

तो संध्याकाळपर्यंत उठला नाही.

आता मी निगेटिव्हच्या पट्ट्या होऊन दादाच्या उशाशी पाकिटात असतो. दोघे भाऊ रोज भांडतात, म्हणजे बरं चाललंय. ती मात्र नवऱ्याशी कामापुरतंच बोलते. परवा त्याने माझ्यादेखत माफी मागितली, तर म्हणाली, "दादांच्या औषधाची वेळ झालीय, बाजूला व्हा."

लोकहो, माझं सोडा. पण घरच्या माणसाला असं चोरून तपासू नका. ती त्याला माफ करेल म्हणता? मला शंका आहे.