शेखरचा दिवा का विझत नाही

माणच्या मठात मुंगीला शिरायला जागा नव्हती. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नामजपाची वेबसाइट उघडली होती. भक्त फोनवरून जपाला बसला की त्याच्या नावापुढे दिवा लागे, उठला की विझे. गेल्या आठवड्यात शेखर मुळशी धरणात बुडाला, तेव्हा फोन खिशात होता आणि जप चालू होता. मित्रांनी त्याला बुडताना पाहिलं, प्रेत मात्र मिळालं नाही. आणि पडद्यावर त्याचा दिवा अजून तेवत होता.

"पोरगा गेला न्हाई," विलास महाराज डोळे मिटून म्हणाले. "पाण्याखाली समाधीत बसलाय. आईनं अन्न सोडलं की वर येतूया."

पाण्याखाली रेंज मिळते म्हटल्यावर लोकांनी हातच जोडले. गावात ती माडीवर चढूनही धड मिळत नाही.

शेखरच्या आईनं, सगुणाबाईंनी, अन्न सोडलं. त्यांच्याकडे खोली घेऊन राहणारी गौतमी आयटीत होती. असल्याच वेबसाइट बनवायचं तिचं काम. मावशींचे खोल गेलेले डोळे तिला बघवेनात. ती मठात गेली, सगळ्यांदेखत आपल्या जुन्या फोनवर जप लावला. पडद्यावर तिच्या नावाचा दिवा लागला. मग तिनं फोन सरळ पाण्याच्या बादलीत सोडला. फोन मेला, दिवा जळतच राहिला.

"मी काही समाधीत नाही," ती म्हणाली. "जप बंद केला की फोन सर्व्हरला, म्हणजे साइट चालवणाऱ्या कंप्युटरला, 'निघालो' म्हणून कळवतो. मग दिवा विझतो. पाण्यात मेलेला फोन काय कळवणार? सर्व्हरनं अधूनमधून हाक मारायची असते. ओ आली नाही की माणूस गेला समजायचं. ही साइट कुणालाच हाक मारत नाही."

लोक चपापले. पण महाराज पक्के वस्ताद.

"बघा, हिचाबी दिवा इझला न्हाई. मठाची सत्ता पाण्यावर चालती."

झालं. पुढेच बसलेल्या बंडोपंत नावाच्या भक्तानं बादलीतलं पाणी तीर्थ म्हणून घेतलं. गौतमीला रडू फुटलं.

घरी येऊन तिनं मऊ भाताचं ताट सगुणाबाईंपुढे ठेवलं. त्यांनी मठात सगळं ऐकलं होतं.

"मावशी, पटलं ना?"

"पटलं की."

"मग दोन घास खा."

"मी काय येडी हाय व्हय? काठावर उभं ऱ्हाऊन लई हाका मारल्या. ओ देत न्हाई त्यो." त्यांनी ताट सरकवलं. "पर आता जेवले, तर मीच त्याला मेला म्हणल्यागत हुईल."

गौतमीनं ताट पुन्हा त्यांच्यापुढे ओढलं. सर्व्हरला हाक मारायला शिकवणं तिला अर्ध्या तासाचं काम होतं.

तेव्हा बाबांनो, चमत्कार दिसला की आधी विचारा, हे घडतं कसं? आणि तिथल्या तिथे विचारा. उशिरा विचारलं तरी उत्तर मिळतं, पण सगुणाबाईंपुढचा भात अजून तसाच आहे.