सरावाची हजेरी

घाटंजीच्या सभागृहात चाळीसेक गुरुजी आणि बाई टॅब घेऊन बसले होते. हजेरीचं नवं ॲप शिकवायला आलेला तरुण म्हणाला, "हा नुसता सराव आहे. गैरहजर मुलांची नावं आणि कारणं मनानं काहीही भरा."

पण मनानं हजेरी भरायला मास्तरांचा हात कुठं वळतो? तांड्यावरच्या शाळेतल्या अतियाबाईंनी कालचीच तीन खरी नावं भरली. पहिलं पायलचं. तिघंही फवारणीच्या पंपात पाणी भरायला कपाशीत गेलती. कारण: उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी.

आजारपण नोंदलं की भिंतीवर दाखवलेल्या तालुक्याच्या नकाशात त्या गावावर लाल ठिपका उमटायचा. तांड्यावर उमटला, मग शेजारच्या गावावर, मग नाल्यापलीकडे. बघता बघता तालुक्याला गोवर उठल्यासारखं झालं.

"गुरुजी, तुम्ही पण खरंच भरलं का?" अतियाबाईंनी शेजारच्या रामसिंग गुरुजींना विचारलं.

"मंग खोटं काहून भरू, बाई? पोट्टे उलट्याच करून राह्यले."

तरुण हसला. "सगळ्यांनी एकमेकांचं बघून लिहिलेलं दिसतंय." त्यानं बटण दाबलं आणि नोंदींसकट ठिपके पुसले गेले. "एक लक्षात ठेवा. काहीच भरलं नाही, तर ॲप सगळ्यांना हजर धरतं."

तेवढ्यात अतियाबाईंचा फोन वाजला. पायलची आई होती.

"बाई, पोरगी उठूनच नाही राह्यली."

टॅबवर पायलच्या नावापुढं हिरवी खूण आली होती.